जुनी ईको घेतलीय? पहिल्या महिन्यापासून लाखाच्या टप्प्यापर्यंतची देखभाल आणि तिचा खर्च

आमची ईको, म्हणजे मारुतीची व्हॅन, २०२१ मध्ये घरी आली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मीटरवर ६२,००० चा आकडा होता. नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत रोज जेवणाचे डबे पोचवायचे, रविवारी घरच्यांना घेऊन वणी नाहीतर त्र्यंबकला जायचं, असा तिचा बेत होता. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. दुसऱ्या दिवशी डबे भरून निघाले आणि सीएनजी पंपावर पहिला धक्का बसला. पंपावरच्या मुलाने गॅसच्या तोंडाजवळची पट्टी वाचली आणि नळी परत अडकवली. टाकीच्या तपासणीची तारीख उलटून वर्ष झालं होतं. गाडी विकणाऱ्याने "सगळं ओके आहे" असं तीनदा सांगितलं होतं, आणि त्या पट्टीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली. आता मीटर १,४२,००० च्या पुढे गेलंय आणि तीच वही अजून चालू आहे. पहिल्यांदा जुनी व्हॅन घेणाऱ्यांसाठी त्या वहीतलं कामाचं तेवढं इथे लिहिते. उदाहरण सीएनजी ईकोचं आहे. नुसती पेट्रोलवाली असेल तर गॅसचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडतं.

आधी गाडी ओळखा

ईको जानेवारी २०१० मध्ये बाजारात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचं इंजिन बदललं. आधीचं ११९६ सीसीचं, नंतरचं ११९७ सीसीचं. एका सीसीचा फरक बघून दोन्ही सारखीच समजू नका. जुन्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा; नव्यात त्याच कामाला साखळी. सुटे भाग घेताना, ऑइलचा ग्रेड ठरवताना आणि लाखाच्या टप्प्यावर हा फरक थेट खिशाला लागतो. आरसी बुकात सीसी लिहिलेली असते, ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट, इंजिन पुढच्या सीटखाली आहे. बॉनेट उघडून डोकावण्याची सवय असलेल्या माणसाच्या हे लक्षात राहत नाही, त्यामुळे इंजिनाकडे महिनोन्महिने कोणी बघत नाही. सीट उचलायची खटकी कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. मी पहिल्यांदा सीट उचलली तेव्हा इंजिनाच्या कडेला शेंगांच्या टरफलांचा ढीग होता आणि एका वायरवरचं काळं आवरण दाताने सोललेलं होतं, आतली तांब्याची तार चमकत होती. उंदीर. डब्यांची गाडी म्हटल्यावर त्यांना वास लागतोच. तेव्हापासून रोज रात्री मागची फळी पुसून घेते आणि आठवड्यातून एकदा सीट उचलतेच.

तिसरं म्हणजे ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. इंजिनापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत लांब शाफ्ट जातो आणि अ‍ॅक्सलच्या मधोमध लोखंडी गोळ्यासारखं डिफरन्शिअल असतं. त्यात वेगळं ऑइल असतं. ज्यांनी आधी अल्टो-वॅगनआर चालवली त्यांना हे ऑइल माहीतच नसतं, आणि बऱ्याच जुन्या ईकोंमध्ये ते कंपनीतून आल्यापासून बदललेलं नसतं.

पायरी पहिली: मीटरवर विसंबू नका

मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, म्हणून गाडी किती चालली असेल याचा अंदाज दुसऱ्या खुणांवरून घ्या. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का? स्टिअरिंगवर जिथे हात टेकतात तिथे चकाकी आलीय का? तीस-चाळीस हजार चाललेल्या गाडीत या तिन्ही गोष्टी एकदम दिसत नाहीत.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी ठेवत नाही, कारण उन्हाने रबर कडक होतं आणि पावसात ब्रेक मारल्यावर गाडी घसरते. स्टेपनीचेही आकडे बघा. ती बहुतेकदा गाडीच्या वयाचीच असते.

गाडी पूर्वी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर तिची नोंद त्यांच्या संगणकात असते. नंबर आणि आरसी घेऊन गेलात तर शेवटची सर्व्हिस कधी आणि किती किलोमीटरवर झाली ते बहुतेक ठिकाणी सांगतात. तिथला आकडा आणि मीटरचा आकडा जुळतो का ते पाहा.

पायरी दुसरी: वही शून्यावर आणा

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. आधीच्या मालकाने काय केलं, काय नाही, याचा विचार सोडून द्या. पहिल्या महिन्यात सगळी ऑइलं, सगळे फिल्टर आणि प्लग एकदाच बदलून टाका आणि ती तारीख, ते किलोमीटर वहीत लिहा. पुढचं सगळं वेळापत्रक त्या नोंदीवरून मोजायचं. यात एखादी चांगली वस्तूही बदलली जाईल, चारपाचशे रुपये वाया गेल्यासारखे वाटतील. वाटू द्या. नंतर दर आवाजाला "हे कधी बदललं असेल?" या शंकेत जे दिवस जातात त्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आमच्या भागातल्या गॅरेजात सध्या जे घेतात त्यावरून आकडे देते. पुण्या-मुंबईत मजुरी चढी असेल, तालुक्याच्या गावी थोडी कमी.

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर मिळून १,८०० ते २,५००. एअर फिल्टर ३०० ते ४००. चार स्पार्क प्लग ६०० ते १,०००. कूलंट, जुनं काढून आतून धुऊन, ७०० ते १,०००. ब्रेक ऑइल ४०० ते ६००. गिअर ऑइल आणि डिफरन्शिअलचं ऑइल दोन्ही मिळून १,५०० ते २,२००. चारही चाकं उघडून ब्रेकची सफाई ६०० ते ८००. अलाइनमेंट, बॅलन्सिंग ६०० ते ८००. म्हणजे साडेसहा ते साडेनऊ हजारांत गाडी शून्यावर येते. गाडीची किंमत ठरवताना हे दहा हजार बाजूला धरूनच ठरवा. हप्ता काढून गाडी घेतली आणि सर्व्हिसिंगला पैसे उरले नाहीत, असं आमच्या ओळखीत दोघांचं झालंय.

ऑइल कुठलं? मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनासाठी जो ग्रेड छापलाय तोच. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका" असं सांगणारे खूप भेटतील. इंजिन ऑइल पीत असेल तर आधी ते का पितंय ते शोधायचं.

डिफरन्शिअलचं ऑइल बदलताना मेस्त्रीकाकांनी मला एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येकाने बघून ठेवावी. त्या गोळ्याला दोन बोल्ट असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. आधी वरचा सुटतो का ते बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला तर गाडी जॅकवर तशीच कोरडी अडकून पडते. आमच्या गाडीचं जुनं ऑइल बाहेर आलं ते काकवीसारखं काळं आणि दाट होतं. बोल्टच्या चुंबकाला लोखंडाची मऊ राख चिकटली होती. "राख चालेल ताई, चुरा निघाला असता तर खर्च होता," असं काका म्हणाले. हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

पायरी तिसरी: आठवड्याची दहा मिनिटं

रविवारी सकाळी, इंजिन गार असताना.

आदल्या रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. फ्रिजच्या खोक्याचा चालतो. सकाळी पुठ्ठ्यावर काय पडलंय ते बघा. पुढच्या सीटखालच्या भागात काळा-तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल. पाण्यासारखा पण रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागणारा असेल तर कूलंट. गाडीच्या मागच्या बाजूला मधोमध, उग्र वासाचा घट्ट थेंब असेल तर डिफरन्शिअलचं सील गेलंय. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. अशा वेळी गाडी हलवू नका, मेस्त्रीला घरी बोलवा. एसी लावून आणलेल्या गाडीखालचं स्वच्छ पाणी मात्र काळजीचं नाही.

मग सीट उचला. ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसा, परत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं पाहिजे. ते काळं झालंय म्हणून घाबरायचं कारण नाही, कामाचं ऑइल काळं होतंच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र त्यात कूलंट मिसळलंय, हेड गॅस्केटचं काम निघण्याची शक्यता आहे आणि गाडी चालू न करता गॅरेजला न्यायची आहे. कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. नुसतं पाणी ओतत राहू नका.

टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे. माल भरून जाणार असाल तर मागच्या चाकांसाठी त्यावर वेगळा आकडा असतो. आम्ही पहिले सहा महिने चारही चाकांत सारखीच हवा भरली. मागचे दोन्ही टायर कडांनी झिजले आणि वर्षाच्या आत बदलावे लागले. त्या वेळी सात हजार गेले.

किलोमीटरचं वेळापत्रक

कंपनीच्या पुस्तकात ऑइल बदलीसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं धरलेलं असतं. मी ७,५०० ला बदलते. डब्यांची गाडी दर दोनशे मीटरवर थांबते, पुन्हा सुटते, आणि एमआयडीसीतली धूळ वेगळीच. तुमची गाडी महामार्गावर एका दमात पळत असेल तर १०,००० ठीक आहे. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर होत असतील तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच. उभ्या गाडीतही ते खराब होतं.

दर ऑइल बदलीला ऑइल फिल्टरही बदलायचा, यात काटकसर नाही. एकदा घाईत एका अनोळखी गॅरेजात ऑइल बदलून घेतलं. बिलात फिल्टरचे पैसे होते. घरी येऊन सीट उचलली तर जुन्याच फिल्टरवर जुनीच धूळ. तेव्हापासून नवीन फिल्टर बसवायच्या आधी त्यावर पांढऱ्या मार्करने तारीख लिहिते आणि जुना फिल्टर पिशवीत घालून परत मागते. कोणी वाईट वाटून घेत नाही, चांगला मेस्त्री तर स्वतःहूनच जुना पार्ट हातात देतो.

एअर फिल्टर दर ५,००० ला उघडून झटकायचा आणि २०,००० ला बदलायचा. पक्क्या रस्त्यावरच चालणारी गाडी असेल तर जास्त टिकेल.

१०,००० च्या सुमारास चाकांची जागा बदलणं, अलाइनमेंट, पुढचे डिस्क पॅड बघणं, मागचे ड्रम उघडून झाडणं. पुढचे पॅड साधारण ३०,००० पर्यंत जातात, खर्च १,००० ते १,६००. मागचे ब्रेक लायनर त्याहून जास्त टिकतात, पण पावसाळ्यानंतर चाकातला ब्रेकचा सिलिंडर पाझरतोय का ते बघायलाच हवं.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस असतात त्यांची झीज कानाने कळते. पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटताना किंवा रिव्हर्स घेताना खालून "टक" असा एकच आवाज येत असेल तर बहुतेक क्रॉस गेलाय. एक क्रॉस मजुरीसकट ७०० ते १,००० रुपयांत बदलून होतो. तो टाळला तर थरथर वाढते आणि पुढच्या बेअरिंगचं, सीलचं काम निघतं.

४०,००० किंवा दोन वर्षं झाली की शून्याच्या पायरीवरचीच कामं पुन्हा: कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शिअल. चार हजारांच्या आत होतात.

क्लच कधी जाईल हे चालवणाऱ्याच्या पायावर आहे. आमचा ८८,००० ला गेला. सात माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली होती. आधी जळक्या रबरासारखा वास आला, मग पाय दाबून इंजिन ओरडायचं पण गाडी पुढे सरकेना. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट एकदमच बदलायचा. मजुरीसकट ६,००० ते ८,०००. नुसती प्लेट बदलून दोन हजार वाचवलेत तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी सहा महिन्यांत दुसऱ्यांदा द्यावी लागते.

आता १,००,००० चा टप्पा. जुन्या ११९६ सीसी इंजिनाचा टायमिंग बेल्ट या टप्प्यावर बदलायचाच, गाडी कितीही छान चालत असली तरी. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करत नाही. तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते, मग तो घाट असो की उड्डाणपूल. सोबत टेन्शनरचं बेअरिंग बदला आणि वॉटर पंप पाझरत असेल तर तोही त्याच वेळी, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच द्यायची असते. बेल्ट आणि टेन्शनर ३,००० ते ४,०००, पंप धरला तर आणखी दीड-दोन हजार. विकत घेतलेल्या गाडीचं मीटर नव्वद हजारांच्या पुढे असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर लाखाची वाट न बघता पहिल्याच महिन्यात हे काम करा. साखळीच्या नव्या इंजिनात हा खर्च नाही, मात्र ऑइल वेळेवर बदललं नाही तर साखळी सैल होऊन सकाळी खडखडते.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं

भरलेल्या टाकीत गॅस साधारण २०० बार दाबाखाली असतो. आपल्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. म्हणून टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकी गाडीतून उतरवून तिच्यात पाणी भरतात, दाब चढवतात, टाकी किती फुगते आणि दाब काढल्यावर परत मूळ मापावर येते का ते मोजतात. स्फोटक आणि दाबाच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या ज्या केंद्रीय यंत्रणेची, पेसोची, मान्यता या तपासणी केंद्रांना लागते, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. खर्च टाकी काढण्या-बसवण्यासकट २,००० ते ३,०००, आणि गाडी एक-दोन दिवस अडकते. तारीख संपायच्या महिनाभर आधी नंबर लावा. टाकी न उतरवता नुसता कागद करून देणारे भेटतात. घरची माणसं त्या टाकीच्या पुढच्या सीटवर बसतात, एवढं आठवून त्यांना नाही म्हणा.

टाकीजवळ हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह असतो. तो कुठे आहे आणि कुठल्या बाजूला बंद होतो हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला करून दाखवा. जोडांवर महिन्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने लावा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. व्हॉल्व्ह बंद करून पेट्रोलवर गाडी किट बसवणाऱ्याकडे न्या. नट स्वतः आवळायचा प्रयत्न करू नका.

पेट्रोलची टाकी कधीही रिकामी ठेवायची नाही. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो, कोरडा फिरला की जळतो. मी पाव टाकी कायम ठेवते आणि रोज सकाळचे पहिले चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर काढते. इंजेक्टरही मोकळे राहतात. गॅसवर प्लग लवकर झिजतात, म्हणून २०,००० ला नवीन. गॅसचा फिल्टर आणि किटची तपासणी वर्षातून एकदा, ७०० ते १,०००.

आणि टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. जुन्या इंजिनात टॅपेटची फट मोजून सेट करावी लागते आणि सीएनजीवर ती जास्त लक्ष मागते. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि फट कमी होत जाते. त्यामुळे इंजिनाचा टकटक आवाज वाढत नाही, उलट कमी होतो आणि माणसाला वाटतं गाडी छान झाली. पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, सकाळी गाडी उशिरा सुरू होते, सिग्नलला उभी असताना झटके देते. दर ४०,००० ला फट मोजून घ्या. हजार रुपयांच्या आतबाहेरचं काम आहे. टाळलं तर हेड उतरवायची वेळ येते आणि तेव्हा बिल पाच आकड्यांत जातं.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघा. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत माती आणि पाणी साठतं, तिथूनच गंज धरतो. पट्टी साफ करून तिच्यात थोडं ग्रीस लावलं की दारही हलकं सरकतं. मुलांना दार ओढवत नसेल तर बहुतेक खालचा रोलर झिजलाय. वायपरचे रबर बदला. कोकणात, किनाऱ्याजवळ राहत असाल तर खालून गंजरोधक रंग मारून घ्या, खाऱ्या हवेत पत्रा फार लवकर जातो.

वर्षाचा हिशेब

वर्षाला २०,००० किलोमीटर धरून माझ्या वहीतला हिशेब असा येतो. तीन ऑइल बदल्या ६,६००. प्लग आणि एअर फिल्टर १,१५०. गॅस किटची तपासणी ८००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग दोनदा १,४००. ब्रेकची कामं २,५००. दोन वर्षांनी बदलायच्या ऑइलांचा एका वर्षाचा वाटा २,०००. चार टायर १४,४०० ला येतात आणि ४०,००० चालतात, म्हणजे वर्षाचे ७,२००. बॅटरी ४,५०० ची तीन वर्षं, म्हणजे १,५००. क्लचचा वाटा २,०००, टायमिंग बेल्टचा ७००, हायड्रो टेस्टचा ८००. शॉकअप, बुश, क्रॉस, बल्ब, वायरिंग अशा अवचित कामांना ५,०००. बेरीज ३१,६५०. किलोमीटरला एक रुपया अठ्ठावन्न पैसे.

मी किलोमीटरला पावणेदोन रुपये धरून चालते. दर शनिवारी मीटर बघायचं, आठवड्याचे किलोमीटर गुणिले पावणेदोन, तेवढे पैसे वेगळ्या खात्यात. चारशे किलोमीटर झाले तर सातशे रुपये. टायर बदलायची वेळ आली तेव्हा पैसे तिथे होते आणि त्या महिन्यात किराण्याला हात लावावा लागला नाही. डब्याचा दर ठरवतानाही इंधनासोबत हे पावणेदोन रुपये धरल्याशिवाय धंद्याचा खरा हिशेब लागत नाही.

विमा यात धरलेला नाही. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या सरकारी दराप्रमाणे ३,४१६ रुपये, वर जीएसटी. पीयूसी बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीला वर्षातून एकदा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का ते बघा. महाराष्ट्रात चारचाकीला तिचे ७४५ रुपये आणि जीएसटी लागतो. या सगळ्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर एकत्र लिहा.

कुठे न्यायची?

माझी वाटणी अशी आहे. शून्याची पहिली सर्व्हिस, गॅस किट आणि संगणकावर तपासायचे दोष यांसाठी अधिकृत सेंटर. तिथे दहा हजार किलोमीटरच्या साध्या सर्व्हिसिंगला ४,००० ते ६,००० होतात, पण नोंद राहते आणि गाडी विकताना ती उपयोगी पडते. ब्रेक, क्लच, शाफ्ट, सस्पेन्शन यासाठी ओळखीचा मेस्त्री. तो गाडीच्या आवाजावरून सांगतो आणि निम्म्या मजुरीत करतो. कुठेही गेलात तरी काम सुरू व्हायच्या आधी कागदावर अंदाज मागा, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि "अजून हे निघालंय" असा फोन आला तर फोटो मागवा. बाईमाणूस एकटी गाडी घेऊन आली की काही ठिकाणी उगाच यादी वाढते. वही काढून समोर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

रस्त्यात इंजिन तापलं तर

इंजिन सीटखाली असल्यामुळे आधी बुडाला ऊब लागते, मग गोडसर वास येतो, आणि डॅशबोर्डवर तापमानाचा इशारा दिसतो. एसी लगेच बंद करा. डावीकडे सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. सगळ्यांना उतरवून गाडीपासून लांब उभं करा. गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा. मग निदान अर्धा तास काहीही करायचं नाही. पाणी ओतायचं नाही, सीट उचलायची नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उसळतं. तोवर मेस्त्रीला फोन करून कुठे उभे आहात ते सांगा. इंजिन हाताला सोसेल एवढं गार झाल्यावरच, जाड फडकं चौघडी करून, झाकण हळूहळू अर्धा आटा फिरवा, आतला फुसकारा पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा.